‘फक्त प्लेस्टेशनवर’ म्हणून गाजलेला गेम दोन वर्षांनी एक्सबॉक्सवर कसा काय येतो?

गोष्ट २००२ सालची. निन्टेंडोचा गेमक्यूब हा कन्सोल बाजारात येऊन वर्ष झालं होतं आणि सोनीच्या प्लेस्टेशन २ समोर त्याची पार दमछाक चालली होती. अशात नोव्हेंबर महिन्यात जपानच्याच कॅपकॉम कंपनीने जाहीर केलं, की ती गेमक्यूबसाठी पाच नवे गेम आणतेय. गेमिंगच्या दुनियेत या पाच गेमना पुढे ‘कॅपकॉम फाइव्ह’ असं नावच पडलं. त्यातला सगळ्यात वजनदार गेम होता ‘रेझिडेंट इव्हिल ४’.

निन्टेंडोचे चाहते जाम खूश झाले. एक तर मालिका तुफान लोकप्रिय, आणि वर तिचे कर्तेधर्ते शिंजी मिकामी यांनी शब्दच तसा दिलेला. हा गेम दुसऱ्या कन्सोलवर गेला तर स्वतःचं मुंडकं छाटून घेईन, अशा अर्थाचं ते बोलून बसले होते.

गेमक्यूबवर हा गेम आला जानेवारी २००५ मध्ये. पण त्याच्या दोनेक महिने आधीच, म्हणजे गेम दुकानात पोहोचलाही नव्हता तेव्हा, कॅपकॉमने सांगून टाकलं की तो प्लेस्टेशन २ वरही येणार. ऑक्टोबर २००५ मध्ये तो आला, आणि येताना ‘सेपरेट वेज’ नावाचा एक नवा भागही सोबत घेऊन आला. म्हणजे ज्यांनी खास या गेमसाठी गेमक्यूब विकत घेतला त्यांच्या वाट्याला कमी गेम आला आणि जे नुसते थांबले त्यांना जास्त मिळाला. मिकामींचं मुंडकं सुदैवाने जागेवर आहे.

बाकीच्या चौघांचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. ‘व्ह्यूटिफुल जो’ २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर गेला. ‘किलर७’ २००५ मध्ये आला तोच दोन्ही कन्सोलवर. ‘डेड फिनिक्स’ मध्येच रद्द झाला. गेमक्यूबशी शेवटपर्यंत इमानदार राहिला तो एकटा ‘पी. एन. ०३’, आणि तो चालला नव्हता. जो गेम पहिल्या ठिकाणीच पडला, त्याला दुसऱ्या ठिकाणी न्यायचा खर्च कोण करणार?

या किस्स्याला वीस वर्षं होऊन गेली. पण आजही एखाद्या गेमच्या ट्रेलरखाली ‘फक्त अमुक कन्सोलवर’ अशी पाटी झळकली की कमेंटमध्ये तीच भांडणं सुरू होतात, आणि वर्ष-दोन वर्षांत तो गेम समोरच्या कन्सोलवर आला की ‘आम्हाला फसवलं’ असा सूर लागतो. हे पुन्हा पुन्हा का होतं, हे समजायचं तर आधी मालक कोण ते बघावं लागतं.

गेम एकाचा, कन्सोल दुसऱ्याचा

सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तीन कंपन्या कन्सोल बनवतात आणि त्यांचे स्वतःचे स्टुडिओही असतात. ‘मारिओ’ निन्टेंडोचा, ‘गॉड ऑफ वॉर’ सोनीचा, ‘हेलो’ मायक्रोसॉफ्टचा. हे झाले फर्स्ट पार्टी गेम. कॅपकॉम, स्क्वेअर एनिक्स, सेगा, यूबीसॉफ्ट, टेक-टू यांच्यासारख्या कंपन्या कन्सोल बनवत नाहीत, फक्त गेम बनवतात. त्यांना म्हणतात थर्ड पार्टी. ही पद्धत १९७९ पासूनची. त्या वर्षी अटारीतून बाहेर पडलेल्या काही प्रोग्रॅमरनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली आणि दुसऱ्याच्या मशीनसाठी गेम विकायला सुरुवात केली.

सुरुवातीच्या काळात ‘एक्सक्लुझिव्ह’ हा बळजबरीचा मामला होता. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत निन्टेंडोच्या एनईएस या कन्सोलचं एवढं वर्चस्व होतं, की थर्ड पार्टी कंपन्यांना निन्टेंडोच्या अटी मुकाट्याने मान्य कराव्या लागत. वर्षाला साधारण पाचच गेम काढायचे आणि एनईएसवर आलेला गेम दोन वर्षं दुसऱ्या कन्सोलवर न्यायचा नाही, अशा त्या अटी. तिथल्या सरकारी यंत्रणांची नजर वळली आणि सेगा स्पर्धेत उतरली, तशी ही पकड सैल झाली. जबरदस्ती संपली तेव्हा उरला एकच मार्ग, पैसे मोजायचे.

आजचा एक्सक्लुझिव्ह करार म्हणजे आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्ससारखा आहे. भाडेकरू राहतो, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावतो, पण फ्लॅट मालकाचाच असतो. सोनी किंवा मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी गेम सहसा विकत घेत नाहीत. त्या काही महिने दुसऱ्याला आत येऊ न देण्याचा हक्क घेतात. पात्रं, कथा, कोड आणि नाव सगळं प्रकाशक कंपनीकडेच राहतं. मुदत संपली की तिने तो गेम कुठेही न्यावा.

मुदत नेहमी छोटीच का?

इथे दोन्ही बाजूंचा हिशोब बघायला हवा. कन्सोलवर विकल्या गेलेल्या प्रत्येक थर्ड पार्टी गेममागे कन्सोलवाली कंपनी साधारण ३० टक्के ठेवून घेते. समजा, कर सोडून ५,००० रुपयांचा गेम असेल तर १,५०० रुपये तिचे. एखाद्याने एका गेमच्या मोहाने कन्सोल घेतला की पुढची सहा-सात वर्षं तो क्रिकेट, फुटबॉल, शूटिंग जे काही खेळेल ते त्याच कन्सोलवर घेणार, ऑनलाइन खेळायची वर्गणीही तिथेच भरणार. कंपनीला खरी कमाई तिथे दिसते. एक्सक्लुझिव्ह गेम हे गळाला लावलेलं आमिष.

पण आमिषाचा जोर पहिल्या काही महिन्यांतच असतो. ज्याला त्या गेमपायी कन्सोल घ्यायचा तो साधारण तेव्हाच घेतो. दीड वर्षाने त्याच गेमसाठी नवा कन्सोल घेणारे तुरळक. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांसाठी सोनी जेवढे पैसे द्यायला तयार होईल तेवढे तिसऱ्या वर्षासाठी द्यायला ती तयार नसते.

प्रकाशकाचं गणित नेमकं उलट दिशेने चालतं. समोरच्या कन्सोलवर न विकलेली प्रत्येक प्रत म्हणजे त्याचा बुडालेला धंदा. मुदत जितकी लांब, तितका तोटा मोठा, म्हणून तितकी जास्त भरपाई तो मागणार. एकाची द्यायची तयारी घटत जाते आणि दुसऱ्याची मागणी वाढत जाते, म्हणून सौदा बहुतेक वेळा सहा महिने, एक वर्ष, फार तर दोन वर्षांच्या आसपास तुटतो. कायमची कुलूपबंदी हवी तर समोरच्या कन्सोलवरची सगळी कमाई भरून द्यावी लागेल, आणि ते कुणालाच परवडत नाही.

यातले आकडे सहसा बाहेर येत नाहीत, पण एकदा आला होता. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ या गेमचे दोन जोडभाग आधी फक्त एक्सबॉक्स ३६० वर यावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने ५ कोटी डॉलर दिल्याचं टेक-टू कंपनीनेच २००७ मध्ये गुंतवणूकदारांना सांगितलं. मूळ गेम दोन्ही कन्सोलवर होता, हे फक्त पुढच्या दोन भागांचे पैसे. ते भाग २००९ मध्ये एक्सबॉक्सवर आले आणि एप्रिल २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ वर पोहोचले. ५ कोटी डॉलर मोजूनही पहिला भाग सव्वा वर्षाच्या आसपास आणि दुसरा जेमतेम सहा महिनेच अडवता आला.

शब्द फिरवले, गदारोळ झाला

या व्यवहारात खेळणाऱ्यांचा खरा राग पैशांवर नसतो, लपवाछपवीवर असतो. ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मनीतल्या गेम्सकॉम प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की ‘राइज ऑफ द टूम रेडर’ पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांत फक्त एक्सबॉक्सवर येणार. लारा क्रॉफ्ट ही बाई पहिल्या प्लेस्टेशनच्या काळापासून घराघरांत पोहोचलेली. प्लेस्टेशनवाले खवळले. वाक्य असं बेतलेलं होतं की ‘फक्त’ हा शब्द त्या सुट्ट्यांपुरता की कायमचा, हेच कळू नये. शेवटी एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर यांना सांगावं लागलं, की कराराला मुदत आहे.

गेम १० नोव्हेंबर २०१५ ला आला. त्याच दिवशी ‘फॉलआउट ४’ हा अजस्र गेमही आल्यामुळे लाराकडे बघायला कुणाला फारशी सवड राहिली नाही. जानेवारी २०१६ मध्ये तो पीसीवर गेला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला, ‘ट्वेंटी इयर सेलिब्रेशन’ असं नाव आणि तोवरचे सगळे जोडभाग घेऊन. उशिरा आलेली आवृत्ती भरगच्च असते, हे इथेही दिसलं. तिला नव्याने विकायचं तर काहीतरी जादा द्यावंच लागतं. मात्र उशिराची किंमतही असते. तोवर कथेचा शेवट यूट्यूबवर लाखोंनी पाहिलेला असतो आणि मित्रमंडळी दुसऱ्याच गेमकडे वळलेली असतात.

करार किती पक्का असतो याचं सगळ्यात मजेदार उदाहरण ‘डेथलूप’चं. बेथेस्डा कंपनीचा हा गेम प्लेस्टेशन ५ वर आधी येईल, असा करार सोनीने केला होता. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची मूळ कंपनी झेनिमॅक्स ७५० कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं आणि मार्च २०२१ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. पण फ्लॅट विकला म्हणून भाडेकरूचा करार मोडत नाही. ‘डेथलूप’ १४ सप्टेंबर २०२१ ला प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर आला. मायक्रोसॉफ्टला स्वतःच्याच कंपनीचा गेम स्वतःच्याच एक्सबॉक्सवर आणायला पुढच्या वर्षीची २० सप्टेंबर उजाडावी लागली. वर्षभराची मुदत, वर सहा दिवस. ‘घोस्टवायर: टोकियो’ या गेमच्या बाबतीतही असंच झालं.

खर्च वाढला, भाडं पुरेना

गेल्या काही वर्षांत हे करार प्रकाशकांनाच नकोसे व्हायला लागलेत आणि त्याचं मुख्य कारण खर्च. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅक्टिव्हिजनच्या विलीनीकरणाची चौकशी केली, तेव्हा मोठ्या गेमचं बजेट २० कोटी डॉलर किंवा त्याहून वर गेल्याचं नोंदवलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोर्टात सोनीच्या कागदपत्रांवरची काळी शाई नीट लागली नव्हती, म्हणून ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ या गेमला २२ कोटी डॉलर लागल्याचं जगाला कळलं. एवढा पैसा एकाच कन्सोलच्या गिऱ्हाइकांतून काढायचा म्हणजे दिव्यच.

स्क्वेअर एनिक्सने हे चटके सोसले. ‘फायनल फँटसी १६’ जून २०२३ मध्ये फक्त प्लेस्टेशन ५ वर आला. तेव्हा हा कन्सोल जगभरात सुमारे ४ कोटी विकला गेला होता. आधीच्या प्लेस्टेशन ४ ची विक्री ११ कोटींच्या वर गेलेली, म्हणजे सोनीच्याच जुन्या गिऱ्हाइकांपैकी बरेचसे बाहेर राहिले, एक्सबॉक्स आणि निन्टेंडोवाले तर सोडाच. नफा अपेक्षेइतका झाला नाही, हे कंपनीने पुढे मान्य केलं. मे २०२४ मध्ये तिने तीन वर्षांची नवी योजना मांडली. यापुढे निन्टेंडो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसी सगळीकडे गेम न्यायचे, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ‘फायनल फँटसी १६’ सप्टेंबर २०२४ मध्ये पीसीवर आणि जून २०२५ मध्ये एक्सबॉक्सवर आला.

गेम एका कन्सोलवरून दुसऱ्यावर नेण्याला पोर्ट करणं म्हणतात, आणि तेही पूर्वीपेक्षा सोपं झालंय. प्लेस्टेशन ३ चा सेल हा प्रोसेसर इतका वेगळा होता की चांगले चांगले प्रोग्रॅमर रडकुंडीला येत. ‘बायोनेटा’ हा गेम एक्सबॉक्स ३६० वर लोण्यासारखा चालायचा. तोच प्लेस्टेशन ३ वर अडखळत चालला आणि खेळणारे लोडिंगचा पडदा बघत बसले. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले ते दोन्ही एएमडी कंपनीच्या, पीसीसारख्याच चिपवर. त्यांच्या पुढच्या पिढीतही तेच. शिवाय अनरिअल आणि युनिटी यांच्यासारखी तयार इंजिनं सगळ्या कन्सोलवर चालतात. काम अजूनही महिनोन्‌महिने लागतं, पण नवा गेम बनवण्याच्या मानाने खर्च किरकोळ, आणि त्यातून पूर्ण नवी बाजारपेठ मिळते.

छोट्या स्टुडिओंसाठी मात्र असे करार आजही मोलाचे ठरतात, आणि त्याचं उदाहरण थेट पुण्यातलं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने भारतीय पुराणकथा आणि शिल्पकलेवर बेतलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. नेटाने काम चालू ठेवल्यावर १८ ऑगस्ट २०२० ला हा गेम आधी फक्त निन्टेंडो स्विचवर आला. निन्टेंडोने जगभर बघितल्या जाणाऱ्या आपल्या कार्यक्रमात त्याला जागा दिली. अशी प्रसिद्धी एखाद्या भारतीय स्टुडिओला स्वतःच्या खर्चाने परवडणारी नाही. दोन महिन्यांच्या आत, १५ ऑक्टोबरला, ‘राजी’ पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर हजर झाला. निन्टेंडोला पहिला मान मिळाला, पुण्याच्या पोरांना जगाचं लक्ष मिळालं, आणि बाकीच्या खेळाडूंना फार थांबावंही लागलं नाही.

मग काही गेम कधीच का येत नाहीत?

‘ब्लडबोर्न’ २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला तो आजही तिथेच आहे. बनवला फ्रॉमसॉफ्टवेअरने, जी सोनीची कंपनी नाही. म्हणून दरवर्षी कुणीतरी ‘आता तरी पीसीवर आणा’ अशी हाक मारतं. पण त्या गेमचा मालकी हक्क सोनीकडे आहे. बाहेरच्या मिस्त्रीने बांधलं म्हणून घर मिस्त्रीचं होत नाही. त्याच फ्रॉमसॉफ्टवेअरचे ‘डार्क सोल्स’ आणि ‘एल्डन रिंग’ सगळीकडे मिळतात, कारण तिथे सोनीचा हक्क नाही.

‘बायोनेटा’चं उदाहरण याहून बोलकं. पहिला भाग पीसीपासून प्लेस्टेशन ४ पर्यंत सगळीकडे फिरला. दुसऱ्या भागाचा खर्च उचलायला सेगा तयार नव्हती, तेव्हा निन्टेंडोने पैसे घातले. २०१४ चा ‘बायोनेटा २’ आणि त्यानंतरचा तिसरा भाग निन्टेंडोच्या कन्सोलबाहेर गेलेला नाही. ‘स्ट्रीट फायटर ५’ बनवताना सोनीने कॅपकॉमला पैशांची मदत केली होती. २०१६ चा तो गेम एक्सबॉक्सवर कधीच आला नाही. २०२३ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ६’ मात्र पहिल्याच दिवशी एक्सबॉक्सवर होता.

तेव्हा एखादा गेम आपल्या कन्सोलवर येईल का, हे ताडायचं तर बनवला कुणी यापेक्षा तो बनवण्याचे पैसे कुणी दिले आणि प्रकाशक कोण, हे बघावं. नुसतं प्रसिद्धीला आणि उशीर करायला पैसे दिले असतील तर गेम येण्याची शक्यता दांडगी. मुळात गेम जन्माला घालायलाच पैसे दिले असतील तर वाट बघण्यात फार अर्थ नाही.

ट्रेलरच्या शेवटची बारीक अक्षरंही वाचण्यासारखी असतात. ‘कन्सोल एक्सक्लुझिव्ह’ असेल तर पीसीवर गेम येणार, बहुधा त्याच दिवशी. ‘लाँच एक्सक्लुझिव्ह’ किंवा ‘टाइम्ड एक्सक्लुझिव्ह’ असेल तर उघडच मुदत आहे. ‘आधी इथे खेळा’ अशा धर्तीचं काही लिहिलं असेल तर ‘नंतर तिथे’ हे गृहीत धरायला हरकत नाही.

फक्त एक सावधगिरी. पाटीवरची तारीख ही लवकरात लवकरची तारीख असते. ‘फायनल फँटसी ७ रिमेक’ १० एप्रिल २०२० ला प्लेस्टेशन ४ वर आला, तेव्हा तो वर्षभरच प्लेस्टेशनपुरता राहील असं डब्यावरच छापलं होतं. वर्ष संपलं आणि काहीच झालं नाही. जून २०२१ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती आली, तीही प्लेस्टेशन ५ वरच. पीसीवाल्यांना तो डिसेंबर २०२१ मध्ये मिळाला. एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विच २ साठी स्क्वेअर एनिक्सने तारीख जाहीर केली ती २२ जानेवारी २०२६ ची, म्हणजे डब्यावरच्या एका वर्षाची जवळपास सहा वर्षं झाली.